इमॅक्सच्या दारातला निरोप्या

कमांड लाइनवर एक जुना करार चालत आला आहे. एखाद्या प्रोग्रॅमला माणसाकडून चार ओळी लिहून हव्या असल्या, की तो तुम्ही नेमून दिलेला एडिटर सुरू करतो, फाइल त्याच्या स्वाधीन करतो आणि थांबतो. एडिटर बंद झाला म्हणजे लिहून झालं, एवढीच खूण त्याला कळते. गिट कमिटचा संदेश असाच मागतो, क्रॉनटॅबही असाच. उघडा, लिहा, बंद करा अशा व्हीआयला हा करार अंगचाच आहे. इमॅक्सची गोष्ट वेगळी. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू इमॅक्स 1985 साली लोकांच्या हाती आला, तेव्हापासून त्याच्या माणसांची रीत अशी की तो एकदा उघडायचा आणि मग उघडाच ठेवायचा. उघड्या फाइली, टपाल, शेल, सगळा संसार त्याच्या पोटात. जो बंदच होत नाही, त्याने ‘झालं’ हे कळवायचं कसं?

या पेचावरचं उत्तर म्हणजे इमॅक्सक्लायंट. सी भाषेतला हा लहानसा प्रोग्रॅम फाइलचं नाव घेऊन चालू इमॅक्सकडे जातो, ते पोचवतो आणि निरोप्यासारखा उत्तरासाठी दारात उभा राहतो. पलीकडची, म्हणजे सर्व्हरची, बाजू सांभाळणाऱ्या लिस्प फाइलवर विल्यम सॉमरफेल्ड यांचं नाव आहे आणि तिची स्वामित्वनोंद 1986 पासूनची आहे. इतक्या वर्षांत आतलं पुष्कळसं बदललं, पण हे उभं राहणं बदललं नाही. सारी खुमारी तिथेच आहे.

गिटचंच उदाहरण घेऊ. एडिटर म्हणून इमॅक्सक्लायंट नेमलेला आहे आणि टर्मिनलवर तुम्ही कमिटची आज्ञा दिलीत. टर्मिनलवर इमॅक्सची वाट पाहत असल्याची एक ओळ उमटते आणि प्रॉम्प्ट परत येत नाही. तिकडे इमॅक्समध्ये संदेशाची फाइल समोर येते. तळाच्या मोडलाइनकडे नीट पाहा: तिथे ‘सर्व्हर’ असा एक शब्द वाढलेला असतो. या बफरसाठी बाहेर कुणीतरी खोळंबलं आहे, याची ती नोंद. तुम्ही लिहिता, मग कंट्रोल-एक्स आणि हॅश दाबता. बफर जतन व्हायचा राहिला असेल तर इमॅक्स विचारून घेतो, क्लायंटला मोकळं करतो, क्लायंट संपतो आणि गिट पुढच्या कामाला लागतो. गिटच्या लेखी एक एडिटर उघडला आणि बंद झाला. इमॅक्सच्या लेखी दिवसभरातली आणखी एक फाइल येऊन गेली. दोघांच्याही समजुतीला धक्का न लावता साधलेला हा मेळ मला फार देखणा वाटतो.

मोकळं करतानाचा विवेकही पाहण्यासारखा आहे. क्लायंटने मागितली म्हणून जी फाइल नव्याने उघडली, तिचा बफर काम झाल्यावर मिटवला जातो. पण तीच फाइल तुम्ही आधीपासून उघडून बसला असाल, तर तिला हात लागत नाही. ती कुणाच्या सांगण्यावरून उघडली होती, हे सर्व्हर लक्षात ठेवतो. एकाच फाइलसाठी दोन क्लायंट थांबले असतील तर दोघेही एकदमच सुटतात. आणि कुणी थांबलेलं असताना तुम्ही तो बफर सरळ मारायला गेलात, तर इमॅक्स हटकतो: याचे क्लायंट अजून आहेत, तरी मारायचा का? ज्याला वाट पाहायला लावलं, त्याला विसरायचं नाही, ही रीत इथे कोडमध्ये पाळली आहे.

या दोघांमधला संवाद ऐकावा असा आहे. तो साध्या मजकुरात चालतो. एक मागणी म्हणजे एक ओळ. तिच्यात जागा सोडून सोडून शब्द. उणे चिन्हाने सुरू होणारे शब्द म्हणजे सूचना. मी या डिरेक्टरीत उभा आहे, ही फाइल हवी, कर्सर 12व्या ओळीच्या 5व्या स्तंभावर ठेवा. आता फाइलच्या नावातच जागा असली तर? क्लायंट नाव पाठवण्याआधी प्रत्येक मोकळ्या जागेचं ‘&_’ करतो, म्हणजे ‘मार्चचा अहवाल’ ही फाइल ‘मार्चचा&_अहवाल’ होऊन जाते. नवी ओळ असेल तर & आणि एन. नावात मुळातच & असेल तर त्याच्याआधी आणखी एक &. आणि नाव उणे चिन्हाने सुरू होत असेल, तर त्या पहिल्या चिन्हाआधीही &, म्हणजे ते नाव सूचना समजलं जाणार नाही. फक्त पहिल्याच; नावाच्या मध्ये आलेली उणे चिन्हं तशीच राहतात, कारण तिथे गैरसमजाला वावच नाही. नियम थोडेच, पण एकही फट नाही आणि एकही जादा नाही.

माझं सगळ्यात आवडतं अंग मात्र टर्मिनलमधल्या खिडकीचं आहे. ‘-टी’ हा पर्याय दिला की इमॅक्स तुमच्या त्याच टर्मिनलमध्ये नवी चौकट उघडतो. कारोय लोरेंतेई यांनी केलेलं हे काम 2009 साली इमॅक्स 23मध्ये सर्वांना मिळालं. पाहणाऱ्याला वाटतं, क्लायंटच पडदा रंगवतो आहे. तो तसं काहीच करत नाही. तो इमॅक्सला फक्त आपल्या टर्मिनलचं नाव आणि जात कळवतो. इमॅक्स ते टर्मिनल स्वतः उघडून त्यावर लिहू लागतो. यातून एक अडचण उभी राहते. शेलच्या हिशेबी त्या टर्मिनलवर चालू आहे तो क्लायंट. खिडकीचा आकार बदलला की त्याची वर्दी क्लायंटला मिळते, इमॅक्सला नाही. म्हणून पहिल्या भेटीतच इमॅक्स आपला प्रोसेस क्रमांक क्लायंटला देऊन ठेवतो, आणि असा सिग्नल आला की क्लायंट तो जसाच्या तसा त्या क्रमांकाकडे पाठवतो.

आता कंट्रोल-झेड दाबा. इमॅक्स ती चौकट आवरती घेतो आणि क्लायंटला ‘थांब’ म्हणून कळवतो. क्लायंट स्वतःला थांबवतो आणि शेलचा प्रॉम्प्ट परत येतो. इमॅक्स मात्र चालूच असतो, त्याच्या बाकीच्या चौकटींना याचा पत्ताही नसतो. एफजी म्हणून क्लायंटला जागं केलं की तो आधी तपासतो, टर्मिनल आत्ता आपल्या ताब्यात आहे का? असेल तरच इमॅक्सला ‘पुन्हा सुरू’ असा निरोप जातो. तुम्ही बीजी म्हणून त्याला पडद्यामागे जागं केलं असेल, तर तो स्वतःला परत थांबवतो. दुसरं कुणी वापरत असलेल्या पडद्यावर इमॅक्सने रेघोट्या मारू नयेत, यासाठी घेतलेली ही दक्षता. वापरणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ती नजरेस पडेल? तरी ती घेतली आहे, आणि अशाच ठिकाणी कारागीर ओळखू येतो.

दाराची राखणही तशीच. क्लायंट इमॅक्सकडून लिस्पचा कोणताही कोड चालवून घेऊ शकतो. म्हणजे ज्याला हे दार उघडता आलं, त्याला तुमच्या नावाने काहीही करता येईल. म्हणून सर्व्हर ज्या डिरेक्टरीत हे दार, म्हणजे सॉकेट, ठेवायचं ती आधी तपासतो: मालक तुम्हीच ना, इतरांना शिरकाव नाही ना? शंका आली तर तो सुरूच होत नाही. क्लायंटही आपल्या बाजूने सॉकेटचा मालक पाहून घेतो. सॉकेटऐवजी टीसीपीवरून बोलायचं ठरलं, तर 64 अक्षरांची यादृच्छिक किल्ली एका फाइलमध्ये लिहिली जाते आणि ती दाखवल्याशिवाय बोलणं पुढे जात नाही. इमॅक्स चालूच नसेल तर काय, याचंही उत्तर तयार आहे: ‘-ए’ला रिकामं नाव द्या, क्लायंट स्वतःच इमॅक्सला डीमन म्हणून उठवतो आणि पुन्हा दार वाजवतो.

एक उणीव मात्र फार काळ राहिली. कंट्रोल-एक्स-हॅशला एकच गोष्ट सांगता येत होती: झालं. ‘नको, राहू दे’ म्हणायला वेगळी खूण नव्हती. कमिटचा विचार बदलला तर संदेश पुसून रिकामी फाइल परत करायची, म्हणजे गिट आपणहून माघार घेई. ज्या प्रोग्रॅमला रिकाम्या फाइलचा हा अर्थ कळत नाही, तिथे तेवढीही सोय नव्हती. खरं तर जुन्या करारात या नकाराला जागा पहिल्यापासून होती, कारण बंद होताना प्रत्येक प्रोग्रॅम एक आकडा मागे ठेवतो: शून्य म्हणजे ठीक, दुसरं काही म्हणजे बिनसलं. इमॅक्स 28 आला 2022मध्ये, आणि त्यात ‘सर्व्हर-एडिट-अबॉर्ट’ ही आज्ञा आली. ती दिली की क्लायंट शून्याऐवजी वेगळा आकडा ठेवून संपतो आणि गिट कमिट न करता थांबतो. तिला मुळात कोणतीही कळ नेमलेली नाही. हे काम इतकं नित्याचं आहे, की कंट्रोल-एक्स-हॅशच्या शेजारची एखादी कळ तिला प्रत्येकाने आपल्या हाताने नेमून घ्यावी.