निस्कानेन यांचा नोकरशहा आणि लोकसेवेची मुदत

विल्यम निस्कानेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या नोकरशाहीच्या अर्थशास्त्रातील नोकरशहा अंदाजपत्रक वाढविण्यासाठी झटतो. अमेरिकी संरक्षण खात्यात काम केलेल्या अभ्यासकास तो तसा दिसणे स्वाभाविक होते. तहसील कार्यालयातील कारकुनास मात्र अंदाजपत्रकाशी कर्तव्य नसते. उत्पन्नाचा दाखला त्याने वेळेत दिला काय किंवा अडवला काय, वेतन तेवढेच राहते. १९९१ मध्ये निस्कानेन यांनी एकूण अंदाजपत्रकाऐवजी मर्जीने खर्चता येणाऱ्या शिलकीवर भर दिला. ही दुरुस्तीही कारकुनाच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

तथापि त्यांचे दुसरे गृहीतक, कार्यालयाकडे असलेल्या माहितीच्या मक्तेदारीचे, येथे चपखल लागू पडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये पुरेशा कारणाविना विलंब करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. परंतु मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे प्रथम ठरवते तेच कार्यालय. ‘आणखी एक कागद आणा’ असे तोंडी सांगितले की मुदत सुरूच होत नाही. अर्जदाराची रोजंदारी बुडते, पण विलंब नोंदला जात नाही. शास्ती दसपट केली तरी या पळवाटेस ती लागू होणार नाही. खिडकीवरूनच परत पाठविलेल्या अर्जांची नोंद ठेवणे, हा त्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.