‘बाप विरुद्ध आई’ : एका ब्राझिलियन कथेचे वाचन

अमेरिका खंडात गुलामगिरीला सर्वांत शेवटी निरोप देणारा देश ब्राझील. १३ मे १८८८ रोजी राजकन्या इझाबेलने स्वाक्षरी केली आणि अवघ्या दोन कलमांच्या कायद्याने तीन शतकांहून जुनी प्रथा रद्द झाली. आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून जिवंत पोहोचलेल्या बंदिवानांपैकी जवळजवळ निम्मे, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख, या एकाच देशात उतरवले गेले होते. कायद्याने त्यांच्या वंशजांना स्वातंत्र्य दिले. जमीन दिली नाही, शाळाही दिली नाही. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९०६ साली, मशादो द असिस यांच्या संग्रहात ‘बाप विरुद्ध आई’ ही कथा आली. गुलामगिरीचे अवशेष समजून घेण्यास एवढे छोटे आणि एवढे निष्ठुर साधन माझ्या वाचनात दुसरे नाही.

मशादो १८३९ साली रिओ द जानेरोत जन्मले. वडील रंगारी, वडिलांचे आईबाप एकेकाळचे गुलाम. औपचारिक शिक्षण जेमतेम. तरीही १८९७ मध्ये स्थापन झालेल्या ब्राझिलियन साहित्य अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९०८ मध्ये ते वारले तेव्हा मृत्यूच्या नोंदीत त्यांचा वर्ण ‘गोरा’ असा लिहिला गेला. पुढे २०११ साली एका सरकारी बँकेने जाहिरातीत त्यांच्या भूमिकेसाठी गोरा नट घेतला आणि टीका झाल्यावर ती मागे घेतली. शंभर वर्षांनंतरही देशाला आपला सर्वश्रेष्ठ लेखक सावळा चालत नव्हता!

कथेचा आरंभ अवजारांच्या यादीने होतो. गळ्यातील लोखंडी कडे, पायातील बेडी, दारूबाज गुलामाच्या तोंडावर बसवायचा पत्र्याचा मुखवटा. दुकानदाराने माल दाखवावा तशा कोरड्या स्वरात निवेदक हे सांगतो. त्या कोरडेपणालाच काही टीकाकार लेखकाची उदासीनता समजले. मला ते मान्य नाही. हा स्वर मालकवर्गाच्या बैठकीतला आहे, आणि लेखकाने तो हेतुपुरस्सर उसना घेतला आहे.

कान्दिदु नेवीस हा गरीब गोरा तरुण एकाही धंद्यात टिकत नाही. अखेर पळालेले गुलाम पकडून बक्षीस मिळविण्याचे काम तो पत्करतो. त्याच्या नावात शुभ्रता आहे, आडनावात हिम. पत्नीचे नाव क्लारा, म्हणजे उजळ. मूल जन्मते तोवर भाडे थकून घर सुटलेले असते. क्लाराची मावशी सुचविते : बाळाला ‘चक्रा’त ठेवा. भिंतीत बसविलेले ते फिरते लाकडी पिंप. बाहेरून मूल ठेवायचे, आत कोणीतरी उचलून घ्यायचे. पोर्तुगीजांनी गोव्यातही स्थापिलेली ‘मिझेरिकॉर्दिया’ ही धर्मादाय संस्था रिओमध्ये ते चालवीत असे. बाळाला घेऊन निघालेल्या बापाला वाटेत आर्मिन्दा दिसते. पळालेली गुलाम, बक्षीस शंभर मिलरेइस. बाळाला औषधवाल्याकडे सोपवून तो तिला दोरीने बांधतो. आपण गर्भवती आहोत असे ती विनवते. दोष तुझाच, असे तो सुनावतो. मालकाच्या दारात तिचा गर्भ पडतो. तो पैसे घेतो, मूल घेतो, घरी जातो. सगळीच मुले जगत नाहीत, अशा विचाराने त्याचे मन स्वस्थ होते.

कान्दिदुचे वात्सल्य खोटे नाही. तो राक्षस असता तर वाचक सुटला असता. येथे बापाची मायाच दोरी बनते. गरिबाने आपल्याहून गरिबाला पकडून दिले तरच त्याचे मूल वाचावे, अशी ही व्यवस्था आहे. बेड्या संग्रहालयात गेल्या. कोणाचे मूल वाचवायचे याचा हिशेब मात्र तेथे गेला नाही. ब्राझीलच्या शहरांत विसाव्या शतकात बांधलेल्या असंख्य घरांत स्वयंपाकघरामागे मोलकरणीची चिंचोळी खोली असे. घरकामगारांना कामाचे तास आणि जादा कामाचा मोबदला घटनादुरुस्तीने मिळाला तो २०१३ साली.

कथेतील ‘चक्र’ आपल्याच घरचे आहे, म्हणून ख्रिस्तसभेविषयी बोलणे प्राप्त आहे. पोप लिओ तेरावे यांनी ५ मे १८८८ रोजी ब्राझीलच्या महागुरूंना गुलामगिरीचा निषेध करणारे परिपत्रक लिहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर आठच दिवसांनी कायदा आला. परंतु १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनीच पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना कायमचे दास करण्याची मुभा दिली होती, आणि ब्राझीलमधील बेनेडिक्टाइन मठांनी आपले गुलाम मुक्त केले ते १८७१ साली. मठांत गुलाम होते, या वाक्यावर आपण क्षणभर थांबले पाहिजे. टाकलेल्या बाळासाठी भिंतीत पिंप बसविणारी करुणा गर्भवतीच्या गळ्यातील कड्याकडे पाहू शकली नाही.

कथेत एक उणीव मला जाणवते. कान्दिदुला घर, पत्नी, मावशी, पूर्वायुष्य सारे लाभते. आर्मिन्दाला मात्र काही ओळींचा आकांत. मालकांच्या स्वरात सांगितलेल्या कथेत दुसरे काय होणार, असे म्हणता येईल. तरी तिची बाजू ऐकायची राहतेच. ती ऐकू आली १९६० साली, करोलिना मारिया द जेझुस यांच्या दैनंदिनीतून. साओ पावलोच्या झोपडपट्टीत कागद वेचून तीन मुले वाढविणारी ही काळी स्त्री. १३ मे १९५८ची तिची नोंद वाचावी. मुक्तीचा वार्षिक दिन, बाहेर पाऊस, घरात दाणा नाही. भूक हीच आजची गुलामगिरी, असे ती लिहिते. त्या दिवशी तिच्या घरी जेवण झाले ते रात्री नऊ वाजता.