बदललेली परिस्थिती, पण कोणाची?

आज आपल्याला कायद्याचं एक कलम वाचायचं आहे, एखाद्या ग्रंथातला उतारा वाचावा तसं. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २५. घटस्फोटानंतरच्या पोटगीचं हे कलम. पहिलं पोटकलम पोटगी देतं, त्यावर पुष्कळ बोललं जातं. आपण दुसरं आणि तिसरं बघू, कारण एकदा ठरलेली पोटगी वाढते, घटते किंवा थांबते ती तिथे.

दुसरं पोटकलम म्हणतं: हुकूम झाल्यावर दोघांपैकी कोणाचीही परिस्थिती बदलली, तर अर्ज आल्यावर न्यायालय तो हुकूम बदलू किंवा रद्द करू शकतं. हे वाजवीच आहे. नोकरी जाते, दुखणं येतं, पगार वाढतो. मात्र परिस्थिती बदलली म्हणून हुकूम आपोआप बदलत नाही. परस्पर पैसे थांबवले की थकबाकी चढत राहते. मागावं लागतं ते न्यायालयातच.

आता, कोणता बदल मोजायचा? २०१७ साली पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा २३,००० रुपयांची पोटगी २०,००० वर आणली. नवऱ्याने पुन्हा लग्न केलं होतं, त्याला मूल झालं होतं. त्या मुलाचं पोट भरायला हवं, याबद्दल वाद नाही. पण उलट बाजू बघा. तिने लग्न केलं, तर तिसऱ्या पोटकलमाखाली तिची पोटगी जाऊ शकते. म्हणजे त्याच्या दुसऱ्या लग्नाने त्याचा बोजा हलका होतो, आणि तिच्या दुसऱ्या लग्नानेही त्याचाच! तिच्या बाबतीत ‘गरज संपली’ असं म्हणता येईल. त्याच्या बाबतीत मात्र त्याच्या निवडीचा खर्च काही अंशी तिच्या खात्यावर पडतो. त्याचं समर्थन वेगळं द्यायला हवं.

तिसऱ्या पोटकलमातलं पुढचं कारण जास्त अडचणीचं आहे. पोटगी घेणारी पत्नी शीलवान राहिली नाही, तरीही हुकूम बदलता येतो. पोटगी घेणारा नवरा असेल, तर विवाहबाह्य संबंधांची अट त्यालाही आहे, हे नोंदवलं पाहिजे. १९७६ च्या दुरुस्तीआधी अशा वेळी हुकूम रद्द करणं न्यायालयावर बंधनकारक होतं. आता ‘करू शकेल’ आहे. सुधारणा झाली, पण कारण तसंच राहिलं.

घटस्फोट झाला, नातं संपलं. मग शील राखायचं ते कोणासाठी? कोणी म्हणेल, तिला दुसऱ्या कोणाचा आधार मिळाला असेल. ठीक. मग तो परिस्थितीतला बदल झाला, आणि त्यासाठी दुसरं पोटकलम आहेच. आधार मिळाला नसेल, तर तिची गरज कालच्याइतकीच आहे. म्हणजे ही अट एकतर अनावश्यक आहे, नाहीतर ती गरजेबद्दल नाहीच, वर्तनाबद्दल आहे. आपल्या भाषेने शब्द चांगला दिला आहे: पोटगी. त्यात पोट आहे, चारित्र्य नाही.

आणि एक बदल असा, जो कोणीही न बोलावता येतो: महागाई. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ ठरवून दिली. दिशा अगदी योग्य, कारण प्रत्येक वाढीसाठी नवा अर्ज नको. पण हिशेब करून बघू. दहा वर्षांनी ही रक्कम सुमारे ६३,८०० होते. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे. त्या दराने तेवढ्याच सामानाला ७४,००० लागतील. वाढ मिळूनही ताट लहानच होत जाईल.

‘मग पुन्हा अर्ज करावा’ हे उत्तर सोपं वाटतं. रजनेश विरुद्ध नेहा हा २०२० चा निकाल आठवा. प्रकरण नागपूरचं. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, हा मोलाचा दंडक त्याने घातला. पण तिथे अंतरिम पोटगीचाच प्रश्न सात वर्षं लोंबकळत होता. ज्याच्या हातात पैसा आहे त्याला थांबणं परवडतं. दुसऱ्या बाजूला रोज स्वयंपाक करायचा असतो.

तेव्हा या कलमाकडे आपली मागणी दोनच गोष्टींची असावी. शीलाची अट काढा, आणि महागाईनुसार वाढ मूळ हुकुमातच लिहा. बाकीचे बदल न्यायालयाने खुशाल तपासावेत, पण दोघांच्या बाबतीत मोजपट्टी एकच हवी.