क्षयरोगावरील नव्या औषधांचा शोध आणि महाविद्यालयीन संशोधन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र या विषयांत जे शोधनिबंध प्रसिद्ध होतात, त्यांत ‘क्षयरोगविरोधी क्रियाशीलता’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. निबंधाची मांडणी बहुधा ठरलेली असते. दहा-पंधरा विषमचक्रीय संयुगांचे संश्लेषण, वर्णपटांच्या आधारे रचनानिश्चिती, क्षयाच्या जंतूंवर एक चाचणी, अलीकडे त्यास संगणकीय डॉकिंगची जोड आणि शेवटी ‘ही संयुगे भावी औषधांसाठी आशादायक आहेत’ असे विधान. नाशिक परिसरातील महाविद्यालयेही याला अपवाद नाहीत. प्रस्तुत लेखात या निबंधप्रकाराची चिकित्सा करावयाची आहे. संशोधकांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचा हेतू नाही. या निबंधांतून औषधाकडे जाणारी वाट खरोखर निघते काय, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातच घडलेले, परंतु आपल्याकडे फारसे न सांगितले गेलेले एक उदाहरण उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनिआझिडचा उपयोग लक्षात आला आणि १९६०च्या दशकात रिफाम्पिसिन आले. (आयसोनिआझिड हे संयुग १९१२ मध्येच प्राग येथे तयार झाले होते. चाळीस वर्षे ते क्षयाच्या जंतूवर कोणी तपासलेच नाही.) त्यानंतर खास क्षयरोगासाठी नव्या वर्गातील औषधाला मान्यता मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले. ते औषध म्हणजे बेडाक्विलिन. मधल्या काळात जुन्या औषधांना दाद न देणारे जंतू पसरले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस, तपासलेल्या सर्वच औषधांना प्रतिरोध दाखवणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्या अवस्थेला कोणते नाव द्यावे यावर शासकीय पातळीवर वाद झाला. रुग्णांना द्यावयाचे औषध मात्र त्या वादातून मिळणार नव्हते.

गोरेगावचा रेणू

मुंबईतील गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. डॉ. टी. आर. गोविंदाचारी हे त्याचे पहिले संचालक. नायट्रोइमिडॅझोल वर्गातील संयुगांवर तेथे दीर्घकाळ काम झाले व आमांशावरील सॅट्रानिडॅझोल हे औषध त्यातूनच निघाले. याच मालिकेत दोन वलये एकमेकांना जोडलेली काही संयुगे डॉ. के. नागराजन व सहकाऱ्यांनी तयार केली आणि ती क्षयाच्या जंतूंवर परिणामकारक असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील सीजीआय-१७३४१ या संयुगाचा सविस्तर अभ्यास डी. आर. अष्टेकर आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधील निबंधात आहे. औषधप्रतिरोधी जंतूंवरही ते चालत होते आणि संसर्ग झालेल्या उंदरांचे आयुष्य वाढवत होते. परंतु त्यात जनुकीय उत्परिवर्तन घडवण्याचा दोष आढळला आणि गोरेगावातील त्याचा प्रवास तेथे थांबला.

पुढचा भाग अमेरिकेत घडला. सिॲटल येथील पॅथोजेनेसिस या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी याच रचनेपासून सुरुवात केली, पाच अणूंच्या वलयाऐवजी सहा अणूंचे वलय घेतले, निरनिराळ्या शाखा जोडून तीनशेहून अधिक संयुगे तयार केली आणि उत्परिवर्तनाचा दोष नसलेले पीए-८२४ हे संयुग २००० मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकातून जाहीर केले. पुढे टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने ते हाती घेतले व प्रिटोमॅनिड या नावाने २०१९ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. जपानच्या ओत्सुका कंपनीने तर गोरेगावच्या संयुगातील पाच अणूंचे वलय तसेच ठेवून केवळ शाखा बदलली व डेलामॅनिड तयार केले. म्हणजे दोष त्या सांगाड्यात अटळपणे होता असे म्हणता येत नाही. तो दुरुस्त होण्याजोगा होता. भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये बहुऔषधप्रतिरोधी क्षयासाठी मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात बेडाक्विलिन, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांच्याबरोबर प्रिटोमॅनिड आहे. मुंबईच्या उपनगरात सुरू झालेला रेणू जवळपास तीन दशकांनी नाव व रूप बदलून परत आला.

या कथेचा अर्थ ‘आपले संशोधन परक्यांनी पळवले’ असा लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. निबंध प्रसिद्ध झालेले होते व ते कोणालाही वाचता येत होते. गोरेगावकडे कुशल रसायनशास्त्रज्ञ होते, उंदरांवरील चाचण्यांची सोय होती. दोष सापडल्यानंतर त्याच रचनेवर आणखी शेकडो संयुगे करण्याइतका धीर आणि त्यासाठी लागणारा पैसा येथे उभा राहिला नाही. क्षयाच्या औषधाला तेव्हा श्रीमंत देशांत बाजारपेठ नव्हती, हेही त्याचे एक कारण मानावे लागेल. बंगळूरमध्ये थोड्या वेगळ्या रीतीने हेच पुन्हा घडले. ॲस्ट्राझेनेकाने तेथे २००३ मध्ये क्षयरोग-संशोधनाचे केंद्र उघडले, २०१४ मध्ये गुंडाळले, आणि तेथील एक रेणू पुढे नेण्याचे काम पुन्हा टीबी अलायन्सकडे गेले.

शोधनिबंधांचे परीक्षण

आता आपल्या निबंधांकडे वळू. गोरेगावच्या १९९३च्या निबंधाशेजारी ते ठेवले, की पहिला फरक ठळकपणे दिसतो. तेथे एकाच संयुगाचा पाठपुरावा आहे; आपल्याकडे दर निबंधात नवी मालिका असते आणि आधीच्या मालिकेचे काय झाले हे कोणी सांगत नाही. जंतूंची वाढ रोखणारी मात्रा आयसोनिआझिडच्या शंभरपट असली तरी निष्कर्षात ‘चांगली क्रियाशीलता’ लिहिली जाते. तेच संयुग मानवी पेशींनाही त्याच मात्रेत मारते काय, ही साधी चाचणी अनेकदा केलेली नसते. ऱ्होडॅनिनसारखे काही रचनागट जवळजवळ कोणत्याही चाचणीत क्रियाशील भासतात, हे २०१० पासून सर्वज्ञात आहे. तरीही अशा मालिका येतच राहतात.

डॉकिंगची स्थिती अधिक चिंताजनक आहे. क्षयाच्या जंतूतील इनएचए या एन्झाइमची त्रिमिती रचना संगणकावर घ्यावयाची, नवी संयुगे त्यात बसवावयाची आणि तुलनेसाठी प्रमाण म्हणून आयसोनिआझिड बसवावयाचे, असा प्रघात पडला आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही तुलना टिकत नाही. आयसोनिआझिड हे प्रोड्रग आहे. जंतूमधील कॅट-जी हे एन्झाइम त्याला सक्रिय करते, त्यापासून बनलेला अंश एनएडीशी जोडला जातो आणि हा जोडरेणू इनएचएला जखडतो. मूळ आयसोनिआझिड तेथे बसतच नाही. सबब ‘आमच्या संयुगाचा गुणांक आयसोनिआझिडपेक्षा सरस आहे’ या विधानातून काहीच सिद्ध होत नाही. ते छापले जाते, याचा दोष लेखकाइतकाच परीक्षकाचा आहे. प्रिटोमॅनिडही जंतूच्याच एन्झाइमकडून सक्रिय होते. असे औषध या मार्गाने कोणाला सापडले नसते.

वाढ मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. पायराझिनामाइड हे उपचाराचा कालावधी कमी करणारे महत्त्वाचे औषध उदासीन माध्यमात जवळजवळ निष्क्रिय ठरते. त्याला आम्लधर्मी परिस्थिती लागते. त्याचा गुण १९५२च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून लक्षात आला. आज ते एखाद्या महाविद्यालयात प्रथमच तयार झाले असते, तर कोष्टकात ‘क्रियाशीलता नाही’ अशी नोंद होऊन बाजूला पडले असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. धीमान सरकार यांच्या गटाने सुप्त जंतूंवर संयुगे तपासण्याच्या पद्धती विकसित केल्या, त्यांचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. याउलट बेडाक्विलिन हे एन्झाइम समोर ठेवून सापडलेले नाही. निरुपद्रवी अशा जिवंत मायकोबॅक्टेरियमवर असंख्य संयुगे टाकून ते मिळाले आणि त्याचे लक्ष्य नंतर कळले. जनुकसंच १९९८ मध्ये उलगडल्यावर लक्ष्यावरून औषध शोधण्याचा जो उत्साह निर्माण झाला, त्याला या अनुभवाने लगाम घातला.

एकत्रित प्रयत्नांविषयी

सीएसआयआरने २००८ मध्ये सुरू केलेल्या मुक्तस्रोत औषधशोध प्रकल्पाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. डॉ. समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने निघालेल्या या प्रकल्पात देशभरच्या विद्यार्थ्यांनी जंतूच्या जनुकांची माहिती नव्याने संकलित केली. महाविद्यालयांत तयार होणारी संयुगे एकत्र आणून तपासण्याचा प्रयत्नही त्यात होता. त्यातून बाजारात औषध आले नाही, म्हणून तो फसला असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. संयुगे एकत्र आणण्याची ती कल्पना आपल्या गरजेची होती. ती चालू राहिली नाही, ही मोठी हानी होय. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने निबंधांच्या संख्येला गुण दिले आणि एका मालिकेचे तीन निबंध करणे प्राध्यापकांच्या हिताचे ठरले. एकच संयुग पाच वर्षे धरून बसणाऱ्याला त्या कोष्टकात जागा नव्हती.

नाशिकपुरते बोलावयाचे तर येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, अंबड व सिन्नर येथे औषधांचे कारखाने आहेत आणि सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांत क्षयाचे रुग्णही आहेत. गेल्या वीस वर्षांत जिल्ह्यातील प्रयोगशाळांत तयार झालेली कितीतरी संयुगे आजही लहान बाटल्यांत कपाटात असतील. त्यांची एक सामायिक यादी करणे, शुद्धता पुन्हा पडताळणे, आणि सुप्त जंतू व मानवी पेशी या दोन्ही चाचण्यांसाठी ती एकत्र पाठवणे याला नव्या प्रयोगशाळेची गरज नाही. निष्क्रिय ठरलेल्या संयुगांचे आकडेही त्याच यादीत छापावे लागतील. किती बाटल्यांवरील चिठ्ठ्या अद्याप वाचता येतात आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या प्रयोगवह्या कोणत्या विभागाने जपल्या आहेत, याची पाहणी प्रथम करावी लागेल.