डब्यातला माणूस

नट व्हायला चेहरा लागतो, आवाज लागतो आणि थोडंफार पाठांतर लागतं, अशी माझी पन्नास वर्षं समजूत होती. या तिन्ही गोष्टींची आपल्याकडे टंचाई असल्यामुळे आपण नट झालो नाही, असं मी घरातल्यांना सांगत आलो. घरातल्यांनीही ते वाद न घालता मान्य केलं. पण गेल्या महिन्यात भाचा सुट्टीला अंबाजोगाईला आला आणि त्यानं एका नटाची चरित्रफीत लावून दिली. त्या नटाला चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी घुमट आहे. आवाजाच्या नावानं शिट्ट्या. पाठांतराचा प्रश्नच नाही, कारण आख्ख्या कारकिर्दीत त्याच्या वाट्याला मनुष्यवाणीतला एक शब्द आलेला नाही. आणि तरी कीर्ती केवढी! माझी समजूत जागच्या जागी कोसळली.

हा नट म्हणजे 1977 साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू डी-टू नावाचा रोबो. आपल्याकडच्या रांजणाला पाय फुटले आणि वर पातेलं पालथं घातलं, तर साधारण असंच ध्यान दिसेल. त्याच्यावर 2001 साली ‘बिनीथ द डोम’, म्हणजे ‘घुमटाखाली’, नावाचा वीसेक मिनिटांचा चित्रपट निघाला. माहितीपटाचं सोंग आणलेला विनोदपट. त्यात असं धरून चालायचं, की आर-टू हा खराखुरा नट आहे. त्याला बालपण आहे, उमेदवारी आहे, डोक्यात गेलेलं यश आहे, मग पडता काळ आणि मग पुन्हा उभं राहणं. खुद्द जॉर्ज लुकास यांच्यासारखी माणसं खुर्चीत बसून या रांजणाविषयी गांभीर्यानं बोलतात.

आता समीक्षक म्हणून बोलायचं तर (अंबाजोगाईत समीक्षक व्हायला परवाना लागत नाही, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी गावाजवळ आहे, तेवढ्यावर भागतं) या चित्रपटाचं पहिलं यश म्हणजे त्यात बोलणारा हसत नाही. सोंगाचा नियमच तो. जत्रेत रात्री सोंगं निघतात तेव्हा दिवसभर औत हाकलेला गडी दहा तोंडं लावून रावण होऊन येतो. बघणाऱ्यांनी खुशाल पोट धरावं. पण रावण हसला की लंका गेली. परदेशातल्या मोठमोठ्या मंडळींनी हा आपल्या जत्रेतला नियम बिनबोभाट पाळलेला पाहून मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली.

दोष सांगायचा तर साचा फार ओळखीचा. गरिबी, यश, माज, घसरगुंडी आणि पुनरागमन, या पाच पायऱ्या एकदा लक्षात आल्या की दहाव्या मिनिटाला प्रेक्षक चित्रपटाच्या पुढं जाऊन वाट बघत बसतो. पण विचार केल्यावर वाटलं, की यात दोष चित्रपटाचा नाही, चरित्रांचा आहे. आमच्याकडच्या सत्कारसमारंभातली भाषणं आठवा. माणूस कोणताही असो, भाषण तेच. या दृष्टीनं आर-टूसारखा सत्कारमूर्ती जिल्ह्यात मिळणार नाही. हार घाला, शाल पांघरा, तो उत्तरादाखल दोन शब्द बोलायला उठत नाही.

भाचा खदखदून हसत होता. मीही हसत होतो. पण मध्येच एक शंका आली आणि माझं हसू अडकलं.

“अरे, हे चालायचं कसं?”

“रिमोटवर, मामा. आणि काही सीनमध्ये आत माणूस बसायचा.”

म्हणजे आत माणूस होता! त्याचं नाव केनी बेकर, उंची 3 फूट 8 इंच. पहिल्या चित्रपटाच्या वेळी ट्युनिशियाच्या वाळवंटात हा गृहस्थ त्या डब्यात बसून डबा हलवत होता. 2016 साली तो वारला. आता गंमत बघा: रोबो स्वतःच नट आहे ही थट्टा उभी राहते ती डबा रिकामा आहे असं मानल्यावर. आतल्या माणसाची आठवण झाली की थट्टा बसलीच खाली. म्हणजे हा विनोद एका माणसाला विसरण्याच्या बोलीवर उभा आहे. मात्र एक गोष्ट दिग्दर्शकांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. त्यांच्यातले डॉन बाइस हे या रोबोंची डागडुजी आणि हालचाल सांभाळणाऱ्या मंडळींपैकीच. तेव्हा ही थट्टा पडद्याआडच्या माणसानं केलेली आहे आणि पडद्याआडच्या माणसाला तेवढा हक्क असतो.

मलाही आहे. कारण वाचकहो, लपवून ठेवलेली गोष्ट आता सांगतो: मी रंगभूमीवर एकदा काम केलेलं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात कैलासाचा देखावा होता आणि त्यात नंदी होता. त्या नंदीचे मागचे पाय मी होतो. अंगावर गोधडी, कंबरेत वाकून पुढच्या पायांच्या कमरेला धरलेलं, आणि उजेड नावाला नाही. अर्धा तास मी कैलासावर होतो, पण मला शंकर दिसला नाही. शेवटी पाहुण्यांनी नंदीची तोंडभर स्तुती केली आणि कंपासपेटी बक्षीस दिली. ती अर्थातच पुढच्या पायांना मिळाली, कारण मुंडकं त्यांच्याकडे होतं. आमचे पुढचे पाय पुढं तलाठी होऊन निवृत्त झाले. अजून भेटतात. कंपासपेटीचा विषय दोघंही काढत नाही.

त्या रात्री घरी येताना मी आईला विचारलं, “नंदी कसा होता?” ती म्हणाली, “मागचा डावा पाय वढून चालायला होता. तवाच म्हणलं, ह्यो आपलाच.” पुढं आयुष्यात पुष्कळांनी पाठीवर थाप मारली, पण माझ्या अभिनयाची याहून चांगली समीक्षा झालेली नाही.

यावरून मला आपले अर्धवटराव आठवले. प्रा. यशवंत केशव पाध्ये यांनी जन्माला घातलेला हा बोलका बाहुला आता शंभरी ओलांडून बसला आहे. चिरंजीव रामदास पाध्ये यांनी त्याची कारकीर्द पुढं चालवली. इथं डबा नाही, गोधडी नाही. बाहुला मांडीवर आणि माणूस शेजारी, लख्ख उजेडात. आपल्याला ठाऊक असतं की बोलतो आहे तो माणूस. तरी बाहुला फटकळपणे मालकाची फजिती करायला लागला की आपण बाहुल्याच्या बाजूनं होतो. माणूस लपवून बाहुला जिवंत करणं ही एक करामत. माणूस समोर ठेवून बाहुला जिवंत करणं, ही माझ्या मते वरच्या दर्जाची. पाध्यांच्याच बाहुल्यानं 1993 साली ‘झपाटलेला’त तात्या विंचू होऊन आख्ख्या महाराष्ट्रातली पोरं घाबरवली. त्यात दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता, लक्ष्मीकांत बेर्डे समोर होता, आणि 2013 साली दुसरा भागही आला. तात्या विंचूचं नाव घेतलं की पाध्यांचं नाव पाठोपाठ येतंच. बाहुल्याची कारकीर्द अशी असावी, की ती आपल्या पाठीतल्या हाताला विसरत नाही.

‘रोबो’ हा शब्दसुद्धा नाटकातलाच, हे मला नव्यानं कळलं. 1920 साली चेक लेखक कारेल चापेक यांनी ‘आर. यू. आर.’ नावाचं नाटक लिहिलं, त्यात तो पहिल्यांदा आला. मुळातल्या ‘रोबोटा’ या शब्दाचा अर्थ सक्तीची चाकरी. त्याला मराठीत शब्द शोधायला कोश उघडायची गरज नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात काढलेल्या आमच्या बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्यानं तो सांगितला असता: वेठ. आपण कोशात ‘यंत्रमानव’ लिहून ठेवलं. चापेकच्या मनात ‘वेठबिगार’ होता. पुढं या वेठबिगाराचं नशीब उघडलं. 2003 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं रोबोंचं मानाचं दालन सुरू केलं, त्यात पहिल्याच पंगतीत आमच्या रांजणाला पाट मिळाला. शेजारी कारखान्यात राबणारा युनिमेट. नटही बसला, कामगारही बसला.

हे मी भाच्याला कौतुकानं सांगत होतो, तेव्हा आमच्या वावराला पाणी देणारा गडी दारात उभा राहून चित्रपटाचा शेवट बघत होता. दसरा झाला की तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो, पाडव्याच्या आगेमागे परततो. मुकादमाकडून उचल घेतानाचा हिशेब असा, की नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. किती माणसं गेली असं कुणी विचारत नाही. किती कोयते गेले असं विचारतात.

“आत कोण हाय?” त्यानं विचारलं.

मी केनी बेकरची हकीकत सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली.

“मग त्याचं नाव यायलंय का?”

“येतं की. मूळ चित्रपटाच्या शेवटी यादीत आहे.”

“मंग बरंय,” तो म्हणाला. “यंदा बायकूचं बाळंतपण हाय. म्या एकटाच निघालोय. अर्धा कोयता.”

आणि मोटर सुरू करायला निघून गेला.

मी बसून राहिलो. बोलका बाहुला, नावानं अर्धवट, पण त्यालासुद्धा आपण ‘राव’ जोडलं. रांजणाला नट म्हटलं, मानाचा पाट दिला. आणि हाडामांसाच्या जोडप्याला लोखंडाचं नाव दिलं, तेही दोघांत एक. या सोंगातही कुणी हसत नाही, नियम काटेकोर पाळला जातो. फक्त वीस मिनिटांनी ते संपत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, म्हणतात. उचल घेताना अंगठा उठतो तो त्याच म्हणीवर.

रात्री मी भाच्याला मूळ ‘स्टार वॉर्स’ लावायला सांगितला. लढाई कळली नाही. रांजण मात्र बारकाईनं बघितला. एके ठिकाणी तो किंचित डुलला, आणि मला खात्री वाटली, की या वेळी आत माणूस आहे. शेवटी पडद्यावर अक्षरं वर सरकायला लागली तसा भाचा बंद करायला उठला.

“संपला की, मामा.”

“थांब,” म्हटलं. “नावं यायलीत.”