पिक्सेल पोचले, एकक मागेच राहिलं

आमच्या कुंभारीत मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे सीटी स्कॅन इथे कुणाला नवा नाही. पण त्या स्कॅनचे पिक्सेल एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जातात कसे?

संशोधनात बरेच जण पायथॉनची पायडायकॉम लायब्ररी वापरतात. तिच्या 'पिक्सेल_ॲरे'मधून थेट नमपाय ॲरे हातात येतो. सोय उत्तम आहे. तक्रार नावाबद्दल आहे. हे फाइलमध्ये साठवलेले कच्चे आकडे असतात, हाउन्सफील्ड मूल्यं नव्हेत. समजा, फाइलमध्ये स्लोप १ आणि इंटरसेप्ट −१०२४ आहे. मग पाण्याचं मूल्य ० असायला हवं, तिथे ॲरेत १०२४ दिसतं. '३००च्या वर ते हाड' असा नियम लावला, तर स्नायूसुद्धा हाड ठरतात! एरर मात्र येत नाही.

कच्चा डेटा जसाच्या तसा देणं चूक नाही. रूपांतरासाठी वेगळं फंक्शनही दिलंय. पण ॲरेबरोबर एकक जात नाही, आणि पुढच्या प्रोग्रॅमला ते ओळखता येत नाही. म्हणून 'साठवलेले' हा शब्द नावातच हवा होता. तोवर मॉडेलला ॲरे देण्याआधी एवढं बघा: पेशंटभोवतीची हवा −१०००च्या आसपास येतेय ना?