‘स्वच्छ’ प्रत आणि हरवलेली तळटीप

संहिता वाचकापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते, हा प्रश्न पाठचिकित्सेचा मानून समीक्षेच्या परिघावर ठेवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. महाजालावर सध्या जे घडत आहे ते पाहता त्याला मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल. वापरकर्त्याच्या वतीने जालपृष्ठे वाचून त्यांवरून उत्तर रचणाऱ्या ‘एआय एजंट’ नामक प्रणालींसाठी त्याच पृष्ठाची वेगळी, ‘स्वच्छ’ प्रत मार्कडाउन या रूपात पुरवण्याची पद्धत रुजू लागली आहे. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात, पृष्ठाच्या मूळ पत्त्याला ‘एमडी’ हा प्रत्यय जोडताच अशी प्रत मिळावी, अशी सूचना होती. मागणी करतानाच प्रणालीने ‘मार्कडाउन हवे’ असे कळवावे आणि सर्व्हरने तशी प्रत धाडावी, हा दुसरा मार्ग. या दुसऱ्या मार्गाने एकाच पत्त्यावर दोन संहिता नांदू लागतात: एक माणसासाठी, दुसरी यंत्रासाठी.

या व्यवस्थेमागील गरज खरी आहे. जालपृष्ठाच्या एचटीएमएल संहितेत लेखाबरोबर मेन्यू, जाहिराती, रूपसज्जेच्या सूचना आणि स्क्रिप्ट यांचा मोठा भार असतो. भाषा-प्रारूप हे सारे ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत मोडून वाचते. तुकडे वाढले की खर्च वाढतो; शिवाय एका वेळी ध्यानात घेता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असल्याने फापटपसारा मुद्द्याची जागा अडवतो. तेव्हा आक्षेप गाळण्याला नाही. प्रश्न आहे तो ‘स्वच्छ’ या विशेषणाचा. मळ कोणता आणि मजकूर कोणता, हे ठरवणे ही अर्थनिर्णयनाची क्रिया आहे. तिला निव्वळ तांत्रिक समजणे हीच मूळ गफलत होय.

मार्कडाउनचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये अ‍ॅरन स्वार्ट्झ यांच्या सहकार्याने ते सिद्ध केले, ते लिहिणाऱ्या माणसासाठी. साध्या मजकुरात मोजक्या खुणा कराव्यात, कच्ची प्रतही सहज वाचता यावी आणि तिच्यातून एचटीएमएल तयार व्हावे, असा हेतू होता. या खुणांत जे बसणार नाही ते सरळ एचटीएमएलमध्ये लिहावे, अशी मुभाही ग्रूबर यांनीच ठेवली. म्हणजे ही खूणव्यवस्था आपल्या अपुरेपणाची कबुली देऊनच जन्माला आली. एजंटांसाठी होणारा प्रवास मात्र उलटा, समृद्ध खुणांकडून मोजक्या खुणांकडे आहे. या प्रवासात जे बसत नाही त्याचे काय करायचे, हे रूपांतर करणारी आज्ञावली ठरवते.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील हानी चटकन जाणवावी. मार्कडाउनमध्ये साधा ओळबदल केवळ एक मोकळी जागा समजला जातो. ओळ खरोखर तोडायची तर शेवटी दोन रिकाम्या जागा सोडणे, ही मूळ पद्धत. ही खूण डोळ्यांना दिसत नाही आणि पुढच्या कोणत्याही साफसफाईत सहज पुसली जाते. वृत्तबद्ध रचनेचे चरण मात्रा मोजून पुन्हा लावता येतील. मुक्तच्छंदात मात्र ओळ हाच लयीचा प्रमुख पुरावा असतो. तो गेला की कविता गद्य होते, आणि ती तशी झाली हे कोणाला कळतही नाही. एचटीएमएलमध्ये एखादे अवतरण संस्कृत आहे की मराठी, हे नोंदवण्याची सोय आहे. मार्कडाउनला त्यासाठी स्वतःची खूण नाही. वर चढवलेला टीपक्रमांक खाली उतरला तर ‘१९०९’ या सनाला लागलेली तिसरी टीप ‘१९०९३’ अशी वाचली जाऊ शकते.

जेरार जेनेट यांनी १९८७ च्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, टीपा इत्यादींना संहितेचे उंबरठे म्हटले. उंबरठा घराबाहेरचा नसतो. घरात कसे शिरायचे ते तो सांगतो. ‘प्रायोजित मजकूर’ ही पट्टी किंवा ‘या लेखात दुरुस्ती केली आहे’ ही ओळ अशीच उंबरठ्यावरची असते. सजावट समजून ती गाळली, की जाहिरात लेख म्हणून आणि चूक माहिती म्हणून पुढे जाते.

शुद्ध प्रत सिद्ध करण्याचा अनुभव आपल्या परंपरेला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि हे कोणी, केव्हा, का केले, याची नोंद प्रतीतच ठेवली. परंतु त्यागलेले पाठ त्यांनी सोबत दिले नाहीत. म्हणूनच एकनाथपूर्व पाठाचा शोध पुढील संशोधकांना घ्यावा लागला आणि १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांची आवृत्ती आली. भांडारकर संस्थेच्या महाभारताने पुढचे पाऊल टाकले. वि. स. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वात प्रक्षिप्त ठरलेला भाग मुख्य पाठातून काढला गेला. पण नष्ट केला गेला नाही. तो तळाशी वा परिशिष्टात आहे, आणि संपादकाचा निर्णय अमान्य करण्याचा वाचकाचा अधिकार त्यामुळे शाबूत आहे. या कसोटीवर यंत्रासाठीची प्रत एकनाथांच्याही मागे पडते: तिच्यात बहुधा ना गाळलेले पाठ असतात, ना गाळणाऱ्याची सही.

प्रत्येक वाचन ही निवडच असते, माणूसही जाहिरातींवरून नजर सरकवतो, असे यावर म्हणता येईल. ते खरे आहे. पण नजर सरकवणाऱ्यापुढे पान शाबूत असते आणि शंका आली की तो मागे वळू शकतो. एजंटाकडून उत्तर घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ते पान नसते आणि एजंटापुढे होती ती प्रतही नसते. म्हणून या प्रतींना संपादित आवृत्त्या मानून त्यांच्याकडून संपादनाची किमान शिस्त मागितली पाहिजे: मूळ पृष्ठाचा पत्ता आणि रूपांतराचा दिनांक द्यावा, काय गाळले ते एका ओळीत सांगावे, आणि ओळी, भाषा, टीपा व दुरुस्त्या यांना हात लावू नये. यासाठी वाढणारे तुकडे थोडे आहेत. तळटीप छापण्यासाठी कागदाचा खर्च भांडारकर संस्थेनेही सोसलाच होता.